बोनी एम.: आवाज कुणाचा, तबकडी कुठली, तिकीट कशाचं?

नाचाच्या एखाद्या रीलवर ‘रास्पुतिन’ कानावर पडतं, आवडतं, आणि शोधायला गेलं की गोंधळ सुरू होतो. एकाच गाण्याच्या ढीगभर आवृत्त्या समोर येतात. कुणाची लांबी वेगळी, कुणाचा ठेका वेगळा, काहींत तर आवाजच वेगळा. कुणी सांगतं, त्या गटातले लोक मुळात गातच नव्हते. कुणी सांगतं, गट कधीच फुटला. आणि मग त्याच नावाच्या कार्यक्रमाची जाहिरात दिसते. हे प्रश्न विशीतले वाचक विचारतात, तसे ज्यांच्या घरी ऐंशीच्या दशकात ही कॅसेट झिजेपर्यंत वाजली तेही विचारतात. कारण तेव्हा कव्हरवरचा फोटो बघून जे समजलो, ते पुरतं खरं नव्हतंच.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. बोनी एम. म्हणजे एक नाही, दोन गट आहेत असं धरून चाला: एक स्टुडिओतला, दुसरा रंगमंचावरचा. दोघांत काही माणसं सामाईक आहेत, सगळी नाहीत. तुम्हाला यातला कुठला हवा आहे, हे ठरलं की काय ऐकायचं, काय विकत घ्यायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, ते बऱ्यापैकी आपोआप ठरतं.

कोण गात होतं?

फ्रँक फारियन हा जर्मन निर्माता. १९७५ मध्ये त्याने ‘बेबी डू यू वाना बम्प’ हे गाणं बाजारात आणलं, त्यातले आवाज स्वतःच काढले आणि तबकडीवर नाव छापलं बोनी एम.; हे नाव त्याने ‘बोनी’ या ऑस्ट्रेलियन गुप्तहेर-मालिकेवरून उचललं होतं. गाणं हॉलंड आणि बेल्जियममध्ये चाललं, टीव्हीवाले बोलावू लागले, आणि दाखवायला माणसं तर नव्हती. मग माणसं जमवली. सुरुवातीला बरीच ये-जा झाली. १९७६ मध्ये जी चौकडी पक्की झाली ती अशी:

- लिझ मिचेल: जन्म जमैकाचा, वाढल्या लंडनमध्ये. गटाचा मुख्य आवाज यांचाच.
- मार्सिया बॅरेट: याही मूळच्या जमैकाच्या. काही गाण्यांत मुख्य आवाज, बाकी ठिकाणी लिझबरोबर कोरस.
- मेझी विल्यम्स: माँटसेराट बेटावरच्या. रंगमंचावर होत्या, ध्वनिमुद्रणात नाहीत.
- बॉबी फॅरल: अरुबा बेटावरचे. गटाचा सगळा नाच यांच्या अंगात. तबकडीवर ऐकू येणारा तो खर्जातला पुरुषी आवाज मात्र यांचा नाही, तो फारियनचा.

गट ऐन भरात असताना, १९७८ मध्ये, फारियनने हे स्वतःच कबूल केलं. त्यामुळे ‘आत्ताच उघडकीला आलेलं रहस्य’ म्हणून कुणी व्हिडिओ पाठवला, तर तो पुढे ढकलू नका.

ही फसवणूक होती का? हिंदी सिनेमावर वाढलेल्या माणसाला पडद्यावर एक आणि आवाज दुसऱ्याचा, याचं नवल वाटायचं कारण नाही. फरक एवढाच की आपल्याकडे पार्श्वगायकाचं नाव तबकडीवर छापलेलं असतं आणि लोक त्या नावासाठीच तबकडी घेतात. फारियनने ते स्वच्छपणे केलं नाही, हा त्याचा दोष. पुढे त्यानेच ‘मिली व्हॅनिली’ नावाची जोडी उभी केली. त्यात पुढे दिसणाऱ्या दोघांपैकी एकही तबकडीवर गात नव्हता, आणि १९९० मध्ये त्यांचं ग्रॅमी पारितोषिक काढून घेतलं गेलं. बोनी एम.ला त्याच तागडीत टाकू नये, असं माझं मत आहे. इथे चौघांपैकी दोघी खरोखर गात होत्या, आणि लिझ मिचेल यांचा आवाज काढून घेतला तर या गटात उरतं काय?

कुठून सुरुवात कराल?

बहुतेक जण पन्नास गाण्यांची यादी लावून मोकळे होतात आणि दहाव्या गाण्यापाशी कंटाळतात. डिस्कोचा ठेका सलग ऐकला की सगळं एकसारखं वाटू लागतं. तो नाचायला बांधलेला असतो. तुम्ही बसून ऐकणार असाल, तर थोडी गाणी निवडा आणि आवाजाकडे लक्ष द्या. क्रम असा सुचवतो:

१. ‘डॅडी कूल’ (१९७६). शब्द जवळजवळ नाहीतच. खालचा पुरुषी आवाज आणि वरचा बायकांचा कोरस यांची सवाल-जवाबासारखी देवघेव ऐका. हा साचा पुढच्या अनेक गाण्यांत भेटतो. पश्चिम जर्मनीच्या ‘म्युझिकलाडेन’ या टीव्ही कार्यक्रमात हे सादर झालं आणि मग खपलं. कानाइतकंच ते डोळ्यांसाठी होतं, हे जुनं चित्रण पाहिलंत की कळेल.

२. ‘सनी’ (१९७६). मूळ गाणं अमेरिकन गायक बॉबी हेब यांचं, १९६६ चं. दोन्ही पाठोपाठ ऐका. हेब यांच्याकडे ते थोडं दुखरं आहे, इथे त्याला पाय फुटले आहेत. बोनी एम.च्या अल्बमांवर अशी दुसऱ्यांची गाणी बरीच आहेत, आणि मूळ गाणं शेजारी ठेवून ऐकणं ही हा गट समजून घ्यायची सगळ्यात सोपी वाट आहे.

३. ‘मा बेकर’ आणि ‘बेलफास्ट’ (दोन्ही १९७७). पहिल्याची चाल ‘सिदी मन्सूर’ या ट्युनिशियातल्या लोकगीतावरून आलेली आहे. गाण्यातली दरोडेखोर आई म्हणजे अमेरिकेतल्या केट बार्कर. बार्करचं बेकर केलं ते उच्चाराला बरं म्हणून. १९३५ मध्ये पोलिसी चकमकीत त्या मारल्या गेल्या, पण टोळीच्या म्होरक्या त्याच होत्या का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘बेलफास्ट’मध्ये मुख्य आवाज मार्सिया बॅरेट यांचा. लिझच्या मऊ आवाजानंतर तो खरखरीत, ताणलेला वाटतो. उत्तर आयर्लंडमधल्या रक्तपातावर नाचायचं गाणं करावं का, असं मनात येईल. मला अजूनही ते थोडं खटकतं, आणि तरी गाणं चांगलं आहे.

४. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ (१९७८). इथे घाई करू नका. हे मूळ गाणं जमैकाच्या ‘द मेलोडियन्स’ या त्रिकुटाचं, १९७० चं. शब्दांचा मोठा भाग बायबलातल्या स्तोत्रांमधून घेतलेला. बॅबिलॉनला नेलेल्या ज्यूंचा तो विलाप, आणि जमैकातल्या रास्ताफारी पंथीयांनी त्यात आपल्या गुलाम पूर्वजांची कहाणी वाचली. बोनी एम.ने पंथाची खास संबोधनं काढून टाकली आणि गाणं सगळ्यांच्या घरात जाईल असं केलं. काही तरी गमावलं, हे खरं. पण आरंभीचा तो शब्दाविना कोरस आणि त्यावर लिझ यांचा सरळ, न सजवलेला आवाज ऐका. गाणाऱ्या बाईला हे गाणं परकं नव्हतं, हे जाणवतं. ब्रिटनमध्ये हे पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. उतरू लागलं तेव्हा रेडिओवाल्यांनी तबकडी उलटून मागचं ‘ब्राउन गर्ल इन द रिंग’ लावायला सुरुवात केली, आणि तीच तबकडी पुन्हा दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. ते मागचं गाणं म्हणजे जमैकातल्या मुलींचं फेर धरून खेळायचं गाणं.

५. ‘नाइटफ्लाइट टू व्हीनस’ आणि ‘रास्पुतिन’ (१९७८). ही दोन वेगवेगळी ऐकू नका. अल्बमवर पहिल्याचे ढोल न थांबता दुसऱ्यात शिरतात. नुसतं ‘रास्पुतिन’ लावलंत तर दार उघडायच्या आधीच घरात असल्यासारखं वाटतं. आणि हो, गाण्यातला इतिहास परीक्षेत लिहू नका. रास्पुतिन आणि रशियाची सम्राज्ञी यांच्या संबंधांबद्दल गाणं जे म्हणतं, ती त्या काळातली राजकीय कुचाळकी होती, पुरावा नाही. १९७८ च्या डिसेंबरमध्ये गट मॉस्कोत गायला गेला, तेव्हा नेमकं हेच गाणं तिथे गाऊ दिलं नव्हतं.

६. ‘गॉट्टा गो होम’ (१९७९). २०१० मध्ये गाजलेलं ‘बार्ब्रा स्ट्रायसँड’ हे नाचाचं गाणं तुम्हाला माहीत असेल, तर त्याचा मुखडा इथून आलाय हे लगेच ओळखाल.

एवढं ऐकून झाल्यावर पूर्ण अल्बमकडे वळा. एकच घ्यायचा तर ‘नाइटफ्लाइट टू व्हीनस’. दुसरा ‘लव्ह फॉर सेल’ (१९७७). पहिला अल्बम ‘टेक द हीट ऑफ मी’ (१९७६) थोडा कच्चा आहे, पण त्याची एक मजा आहे.

आवृत्ती ओळखायची कशी?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. गट फुटल्यावर निरनिराळ्या सदस्यांनी तीच गाणी नव्याने गाऊन स्वस्तातल्या संग्रहांसाठी दिली. त्याशिवाय १९८६ पासून खुद्द निर्मात्याकडूनच जुन्या गाण्यांवर नवे ढोल चढवून, एकात एक गुंफून काढलेले संग्रह आले. ते खोटे नाहीत, पण १९७८ साली लोकांनी ऐकलं ते हे नव्हे. गाणं लावण्याआधी एवढं बघा:

- कलाकाराचं नाव पूर्ण वाचा. ‘बोनी एम. फीचरिंग’ आणि पुढे एकाच सदस्याचं नाव असेल, तर ते नंतरचं ध्वनिमुद्रण असण्याची शक्यता मोठी.
- हक्कांची ओळ बघा. अल्बमच्या तळाशी बारीक अक्षरांत ती असते. मूळ तबकड्या ‘हान्सा’ या जर्मन कंपनीच्या. तो साठा आता सोनी म्युझिककडे आहे. भलतंच अनोळखी नाव दिसलं तर सावध व्हा.
- ‘रीरेकॉर्डेड’, ‘रीमिक्स’, ‘मेगामिक्स’ हे शब्द टाळा. ‘रीमास्टर्ड’ चालेल, त्यात गायन तेच असतं, फक्त जुनी ध्वनिफीत साफसूफ केलेली असते.
- लांबीवरून लगेच निष्कर्ष काढू नका. ‘नाइटफ्लाइट टू व्हीनस’च्या सुरुवातीच्या छपाईत काही गाणी जास्त लांब होती, पुढच्या छपाईत ती कापली. दोन्ही अस्सलच.

संग्रहच हवा असेल, तर १९८० चा ‘द मॅजिक ऑफ बोनी एम.’ घ्या. त्यात वीस गाणी आहेत, ठेका बदललेला नाही, आणि गटाचा चांगला काळ संपायच्या आत तो निघाला आहे. १९९२ चा ‘गोल्ड’ सगळीकडे मिळतो, पण आधी वरच्या कसोट्या लावा.

जुनी तबकडी किंवा कॅसेट घेताना

मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. आता जुन्या मालासाठी चोरबाजारातली मटन स्ट्रीट, माहीमचा रिव्हॉल्व्हर क्लब, किंवा ऑनलाइन विक्रेते. बोनी एम.च्या तबकड्या त्या काळी भरमसाट खपल्या होत्या, तेव्हा ‘दुर्मीळ आहे साहेब’ या वाक्यावर भाव वाढवून देऊ नका.

तबकडी कव्हरातून बाहेर काढून उजेडात तिरकी धरा. केसासारखे ओरखडे चालतात. नखाला लागतो तो ओरखडा सुई उडवणार. डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकलेली नाही ना, ते पाहा. आत भलतीच तबकडी घातलेली असणं हा नेहमीचा प्रकार आहे, म्हणून मधल्या कागदावरचं नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘लव्ह फॉर सेल’ दोन निरनिराळ्या मुखपृष्ठांसह निघाला होता. एकावर चौघांच्या अंगावर साखळ्यांखेरीज फारसं काही नाही, दुसऱ्यावर कपडे आहेत. दोन्ही खरे. कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती घेऊच नका. एका बुरसटलेल्या कॅसेटपायी प्लेअरचं हेड खराब होतं.

कार्यक्रमाचं तिकीट काढण्याआधी

१९८६ मध्ये मूळ गट थांबला. त्यानंतर सदस्यांनी आपापले संच काढले, त्यामुळे जगात एकाच वेळी एकाहून अधिक बोनी एम. फिरत राहिले. बॉबी फॅरल ३० डिसेंबर २०१० रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये वारले. गंमत अशी की रास्पुतिनचा खून याच शहरात आणि नव्या कॅलेंडरप्रमाणे याच तारखेला झाला होता. फारियन २०२४ मध्ये गेले. म्हणजे चौघं एकत्र पाहायला मिळणार नाहीत, आणि तसं सुचवणारं पोस्टर खोटं आहे.

आयोजकाला तीन प्रश्न लेखी विचारा: मूळ सदस्यांपैकी कोण येणार? गायन प्रत्यक्ष की ध्वनिमुद्रणावर ओठ हलवणं? त्या व्यक्तीचा कार्यक्रम रद्द झाला तर पैसे परत मिळणार का? मूळ सदस्य एकही नसेल, तर तो श्रद्धांजलीपर वाद्यवृंद समजा. असे कार्यक्रम रंगतातही, फक्त त्यांचा दर तसा असावा.

जाहिरातीत एक आणि मंचावर दुसरंच निघालं, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुमच्या बाजूने आहे. दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतील त्रुटी, दोन्हींबद्दल दाद मागता येते.

- पोस्टर, तिकीट, पैसे भरल्याची पावती आणि आयोजकाचे संदेश यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. कार्यक्रमानंतर पोस्टर गायब होतात.
- आधी आयोजकाला लेखी तक्रार द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५.
- तरीही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

हळदीत किंवा सोसायटीत वाजवायचं असेल तर

‘जुनं गाणं, आता कोण विचारतंय’ हा समज चुकीचा आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षं टिकतो, म्हणजे १९७६ चं गाणं २०३६ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचं आहे. घरात, मित्रमंडळींत ऐकायला परवानगी लागत नाही. सोसायटीच्या ३१ डिसेंबरला परवाना लागेल का, ते आधी विचारून घ्या. हॉटेल, दुकान, तिकीट लावलेला कार्यक्रम यांसाठी परवाना लागतो, आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क आणि गीत-संगीताचे हक्क वेगवेगळे असतात, हे विसरू नका.

लग्नाचं थोडं वेगळं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये धार्मिक समारंभांना सूट आहे, आणि त्यात वरात व लग्नाशी निगडित समारंभ धरलेले आहेत. तरीही हॉटेलवाले आणि हक्कधारक यांच्यात वाद होतात. गोवा सरकारने याबाबत काढलेलं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२४ मध्ये रद्द केलं. तेव्हा हॉलचा करार करतानाच विचारा: परवाना कोण काढणार, खर्च कुणाचा? उत्तर करारात लिहून घ्या. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर नाही, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे.

पुढे काय ऐकाल?

बोनी एम. आवडलं तर ‘इरप्शन’ ऐका. तोही फारियनच्याच हाताखाली घडलेला गट, आणि त्याच्या गायिका प्रेशस विल्सन बोनी एम.च्या ‘ओशन्स ऑफ फँटसी’ (१९७९) या अल्बमवरही पाहुण्या म्हणून आहेत. इरप्शनचं ‘वन वे तिकीट’ लावलंत की तुम्ही हमखास चमकाल: उषा उथुप यांनी बप्पी लाहिरींसाठी गायलेलं ‘प्यारा दुश्मन’मधलं ‘हरी ओम हरी’ त्याच चालीवर आहे. त्या काळातली बरीच हिंदी गाणी आपण उलट क्रमाने ऐकली, नक्कल आधी आणि मूळ नंतर.

बोनी एम.कडे परत यायचं तर ‘ओशन्स ऑफ फँटसी’पर्यंत सगळं ऐका. १९८१ चं ‘बूनूनूनूस’ निवडून ऐका. त्यानंतरचे अल्बम मात्र फुकट मिळाले तरच घ्या.